पांढऱ्यावर काळं

मढ गावात पांढरी वस्तू पांढरी राहत नाही, हे इथं जन्मलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही, आमच्या होड्या आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. खारा वारा खिडकीचे गज खातो, स्कूटरची नंबरप्लेट खातो. लग्नात नवरदेवाचे पांढरे बूट वरात हरबादेवीच्या देवळापाशी पोचेस्तोवर जेटीच्या रंगाचे झालेले असतात. शूटिंगला भाड्यानं देतात ते बंगले तेवढे पांढरेशुभ्र दिसतात, पण तेही नवी मालिका आली की नव्यानं रंगवायचे, आणि रंगवायची ती फक्त कॅमेऱ्याकडची बाजू. मागच्या भिंतीवर शेवाळ मजेत असतं.

अशा गावात माझ्या मेहुण्यानं आम्हाला पांढरा कुत्रा दिला.

दिला म्हणजे सांभाळायला दिला. मेहुणा बोरिवलीत चौदाव्या मजल्यावर राहायचा. कॅनडाला निघताना म्हणाला, "वर्षभरात सेट झालो की नेतो त्याला." ती मंडळी आता तिकडं उत्तम सेट झालीत. फोटोत त्यांच्या अंगणात ढीगभर बर्फ दिसतो आणि त्या बर्फात दुसराच एक कुत्रा दिसतो.

आमच्याकडं जो आला त्याच्याबरोबर एक गादी, दोन वाडगे, तीन प्रकारचे कंगवे, दात घासायचा ब्रश, पिवळा रेनकोट आणि सूचनांचा एक कागद आला. कागद दोन्ही बाजूंनी छापलेला आणि वर लॅमिनेट केलेला. लॅमिनेशन बघूनच बायकोनं ओळखलं की मुक्काम लांबणार. कुत्र्याचं नाव 'स्नोई' होतं. ते आईच्या तोंडात बसेना. तिनं जन्मात पांढरी आणि थंड अशी एकच वस्तू पाहिलेली, ती म्हणजे जेटीवर मासळीवर टाकतात तो बर्फ. तिनं त्याला 'बर्फ्या' अशी हाक मारली आणि चौदाव्या मजल्यावरचे सगळे संस्कार विसरून तो पहिल्याच हाकेला धावला.

सूचनापत्राची सुरुवात अशी होती : 'ही जात प्रेमळ, चलाख आणि सतत जागरूक असते. मुख्यतः सोबतीसाठी पाळली जाते.'

मी ते मोठ्यानं वाचलं. आई बोंबील साफ करत होती. तिनं मान वर केली. "म्हंजे यो काम काय करतो?"

"सोबत करतो."

"कुनाला?"

"माणसाला."

"घरात येवढी मानसं हायेत. सोबत कमी पडतेय कुनाला?"

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडच्या गावठी कुत्र्यांना नेमणुका आहेत. एक जेटीवर असतो, होडी लागली की सगळ्यांच्या आधी हजेरी लावतो. एक वलांडीखाली झोपून कावळ्यांवर आणि मांजरांवर नजर ठेवतो. 1 जूनला मासेमारी बंद होते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा त्या दोन महिन्यांची राखण एका लंगड्या काळ्या कुत्र्याकडं असते आणि त्याच्या परवानगीशिवाय खलाशीसुद्धा होडीवर चढत नाही. यांत 'सोबत' हे पद कुठं बसवायचं?

पॉमेरियन, असं त्याला सगळं गाव म्हणतं. आम्हीही म्हणायचो. वर्सोव्याच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत खुलासा केला, की हा इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोंचा, आखूड तोंडाचा. आपल्याकडचा थोराड, लांब नाकाडाचा, लहानात लहान म्हटला तरी पाच-सात किलो भरणारा. पण दोघांचं मूळ घराणं एकच. टोकदार नाक, ताठ कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि अंगावर थंडीचं दुहेरी पांघरूण. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या काठचा प्रदेश, आज थोडा पोलंडात आणि थोडा जर्मनीत. समुद्रकाठचा आहे, हे ऐकल्यावर आईचं मत जरा निवळलं.

त्याच्या खानदानाची बाकी माहिती मी आईपासून लपवून ठेवली होती. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं 1888 साली इटलीत फ्लॉरेन्सला असा एक कुत्रा पाहिला, त्याला घरी आणलं, मार्को नाव ठेवलं आणि मग लहानात लहान चणीचे पॉमेरियन पैदा करायचा नादच घेतला. 1901 मध्ये ती गेली तेव्हा टुरी नावाचा तिचा पॉमेरियन तिच्या पलंगावर होता. हे एकदा मुलीनं बोलता बोलता सांगून टाकलं आणि त्या दिवसापासून बर्फ्या आईच्या पलंगावर असतो. "रानीला चालतो, मना काय झालं?" असा तिचा सवाल आहे.

इंग्रजांच्या अमदानीत आलेल्या या कुत्र्यांपासून इथला उकाडा सोसणारी, दहीभातावर खूश असणारी जात तयार झाली आणि मध्यमवर्गाच्या वन रूम किचनमध्ये तिनं संसार थाटला. तिचा सुवर्णकाळ म्हणजे 1994. 'हम आपके हैं कौन' आला. त्यात टफी नावाचा पांढरा कुत्रा होता. तो क्रिकेटच्या सामन्यात पंचगिरी करतो आणि शेवटी नायकाला, प्रेमला, द्यायची चिठ्ठी त्याच्या मोठ्या भावाला नेऊन देतो. चुकीच्या पत्त्यावर टपाल टाकून लग्न जुळवणारा दुसरा पोस्टमन हिंदी सिनेमात झाला नसावा. त्यानंतर काही वर्षं मालाडच्या कुठल्याही चाळीत उभं राहून 'टफी' म्हणून हाक मारली असती तर चार मजल्यांवरून ओ आली असती. मग 2003 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत चुरगळलेल्या तोंडाचा पग एका पोरामागं चालत आला आणि लोकांना एकदम कळलं की आपल्याला पांढरं नको, चुरगळलेलं हवंय. पुढं हस्की आले, शिह त्झू आले. बर्फ्या हा त्या मागं पडलेल्या पिढीचा. पाहुण्यांनी 'हल्ली हे फारसे दिसत नाहीत, नाही का?' असं म्हटलं की तो जुन्या नटाच्या चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघतो.

आता त्याच्या केसांबद्दल. सूचनापत्रात यासाठी पाऊण पान होतं.

स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा लांब आणि राठ, खालचा मऊ, दाट लोकरीचा. थंड देशात हा खालचा थर ऋतू बदलला की गळतो, म्हणजे वर्षातून दोनदा. मुंबईत ऋतू कुठला चालू आहे हे माणसालाच कळत नाही, तिथं कुत्र्याच्या कातडीला काय कळणार? बर्फ्या बारमाही गळतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी केस विंचरायचे, तेही वरवर नाही, कातडीपर्यंत कंगवा पोचवून, एक एक भाग वेगळा करत. कानांमागं, काखेत आणि मागच्या पायांच्या झालरीत गुंते होतात. ते ओढून काढले तर कुत्रा ओरडतो, नाही काढले तर खालची कातडी सडते. आमच्याकडं हे काम चुलत्यांनी आपणहून अंगावर घेतलं. ते आयुष्यभर जाळी शिवत आलेत. नायलॉनच्या जाळ्यातला गुंता कुठून सोडवायचा हे ज्या बोटांना कळतं, त्यांना बर्फ्याची काख काय अवघड? त्यांनी पहिल्यांदा कंगवा बाजूला ठेवला, बोटांनी गाठ चाचपली, तिचं टोक शोधलं, दोन्ही बाजूंनी सैल केली आणि मग कंगवा लावला. बर्फ्याला झोप लागली. चौदाव्या मजल्यावर या कामाला सलूनमधून माणूस यायचा आणि तेव्हा तीन घरं ओरडणं ऐकायची, असं मेहुण्यानंच सांगितलं होतं.

निघालेल्या केसांचं काय होतं? सगळं होतं. ते उशीत जातात, मिक्सरच्या झाकणात जातात, मुलीच्या भूगोलाच्या वहीत हिमालयावर चिकटतात. आमच्या घरात आमटीत केस निघाला तर हल्ली कुणी बायकोकडं बघत नाही, आधी रंग बघतात. एकदा मालाडच्या बाजारात आईच्या टोपलीतून एका बाईंनी लांबलचक पांढरा केस चिमटीत धरून वर काढला. "हे काय हो मावशी?" आई शांतपणे म्हणाली, "जवल्याची मिशी." जवळ्याला खरंच लांब मिशा असतात. बाईंनी अर्धा किलो घेतला.

उन्हाळ्यात सगळं गाव सल्ला देऊ लागलं. "अरे, त्याचा गोटा करून टाक. कसा धापा टाकतोय बघ." माणसाला दया आली की तो पहिल्यांदा कात्री शोधतो. डॉक्टरीणबाईंनी मात्र दम भरला, की दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून कापायचे नसतात. ते पांघरूण जशी थंडी अडवतं तसंच ऊनही अडवतं. कापलं तर कातडी पोळते आणि पुन्हा केस येतील ते तसेच येतील याची खात्री नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांनाच, बाकीची उष्णता तो जीभ काढून बाहेर टाकतो. म्हणून धापा. त्याला सावली, गार फरशी आणि पाणी द्या. फिरवायचं ते उजाडता किंवा दिवस मावळल्यावर, दुपारच्या डांबरावर पंजे भाजतात. बर्फ्यानं स्वतःचा उपाय आधीच शोधला होता. जेटीवरून मासळीचा बर्फ आला की रिकाम्या थर्माकोलच्या पेटीत जाऊन बसायचं. त्या पेटीत तो थंड होतो आणि त्याला पापलेटचा वासही लागतो. दोन्ही फायदे.

वासावरून आठवलं. या घराचं मूळ दुखणं वासाचंच आहे.

बर्फ्याला अंगाला सुकट फासून घ्यायला आवडतं. हे तो कसं करतो ते मी अगदी जवळून, पण थांबवता येणार नाही इतक्या लांबून पाहिलंय. जमिनीवर वाळत घातलेल्या जवळ्यापाशी येतो. आधी चारी बाजूंना बघतो. मग उजवा खांदा खाली टेकवतो आणि नाकाडानं जागा पक्की करतो. मान घासत घासत पुढं सरकतो, कानामागचा भाग विशेष मन लावून. मग एकदम उलटा होतो, चारी पाय आकाशात, डोळे अर्धे मिटलेले, ओठ मागं गेलेले. पाठीचा कणा डावीकडं, उजवीकडं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते एकादशीचा उपवास सोडतानाही माणसाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. उठतो, अंग झाडतो. निम्मा जवळा परत खाली पडतो, निम्मा तो घरी आणतो.

कुत्री असं का करतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कुणी म्हणतात स्वतःचा वास लपवण्यासाठी, कुणी म्हणतात कुठं काय सापडलं ते इतरांना कळवण्यासाठी. माझं मत वेगळं आहे आणि ते मी घरात बोलत नाही. तो आला तेव्हा जेटीच्या कुत्र्यांनी त्याला रांगेनं येऊन हुंगलं होतं आणि त्याच्या अंगाला लव्हेंडर शाम्पूचा वास आल्यावर हा कुत्राच आहे का यावर त्यांच्यात मतभेद झाले होते. सुकटीत लोळून आला त्या दिवशी लंगड्या काळ्यानं त्याला होडीखालच्या सावलीत बसू दिलं. पांढरं राहणं ही आमची हौस आहे. बर्फ्याला मढचा व्हायचंय.

हौसेला मोल नाही म्हणतात, पण कुत्र्याच्या शाम्पूला आहे. माणसाचा शाम्पू चालत नाही. कुत्र्याच्या कातडीचं आम्लाचं प्रमाण आपल्यापेक्षा वेगळं असतं, त्यानं ती कोरडी पडून खाज सुटते. महिन्यातून एखादी अंघोळ पुरे, असं कागदावर लिहिलेलं. ते बोरिवलीचं प्रमाण. मढला महिन्यातून एकच अंघोळ घातली तर शेजारी सोसायटीची सभा बोलावतील, आणि आमच्याकडं सोसायटीसुद्धा नाही. पण फार अंघोळ घातली तर केसांतलं तेल जातं. पावसाळ्यात खालचा थर ओला राहिला तर बुरशी येते, म्हणून वाळवायचं कसोशीनं. आम्ही मधला मार्ग काढलाय. नुसता वास असेल तर ओल्या फडक्यानं पुसायचं आणि जवळा असेल तर अंघोळ.

त्याला पहिल्यांदा अंघोळ घातली तेव्हा आई बघायला आली होती. पाणी पडताच केस अंगाला चिकटले आणि आतून एक लहानसं, लांब तोंडाचं, बारीक पायांचं जनावर निघालं. आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "येवढाच? बाकी सगला कारभार केसांचाच?"

डोळ्यांखाली त्याला तपकिरी रेघा असतात. आईची समजूत होती की तो बोरिवलीच्या आठवणीनं रडतो. खरं म्हणजे अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाचं लोहयुक्त द्रव्य असतं, ते वाळलं की तांबूस होतं. काळ्या कुत्र्यालाही ते असतं, पण दिसत नाही. पांढऱ्याचं सगळं दिसतं. कोमट पाण्यात कापूस बुडवून ते रोज पुसायचं. आई पुसते, आणि पुसता पुसता त्याला कॅनडातल्या माणसांबद्दल जे सांगते ते इथं छापता येणार नाही.

खाण्याच्या बाबतीत सूचनापत्राचा आणि आमच्या स्वयंपाकघराचा पहिल्या दिवसापासून वाद आहे. कागद म्हणतो, कांदा नको, लसूण नको. आमच्याकडं या दोन वस्तू वगळल्या तर उरतं फक्त पातेलं. पण ते खरंच आहे. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटही विषच, आणि द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे शेवटचं ऐकल्यावर आमची धास्ती वाढली ती सत्यनारायणाची. प्रसादाचा शिरा घेतल्यावर आपल्या द्रोणातला एक घास दारातल्या कुत्र्याला घालणं हे पुण्य, आणि शिऱ्यात बेदाणे भरपूर. त्या दिवशी बायको पूजेला बसलेली असताना अर्धं लक्ष कथेवर आणि अर्धं दाराकडं ठेवून होती. साधुवाण्याची नौका बुडाली तेव्हाच ती ताडकन उठली. भटजींना वाटलं, कथेचा परिणाम झाला.

आता त्याला आई मसाला न घालता उकडलेली मासळी काटे काढून भातात कालवून देते. शिजलेला काटा टोकदार होऊन घशात अडकतो, म्हणून काटे काढण्यावर तिचा कटाक्ष. मला लहानपणी तिनं काटे काढून दिल्याचं आठवत नाही. "तू हुशार व्हतास," असं तिचं उत्तर आहे.

दातांवर मात्र आम्ही हरलो. लहान तोंडात बेचाळीस दात दाटीवाटीनं असतात, त्यांच्यावर कीट बसतं, म्हणून ते घासायचे. कुत्र्याची पेस्ट चिकनच्या चवीची असते. बर्फ्या पेस्ट खातो, मग ब्रश खातो आणि दुसऱ्या ब्रशची वाट बघत बसतो.

डॉक्टरांकडं न्यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. वर्सोव्याला जायचं तर जेटीवरून फेरीबोट. माणसं, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या आणि बर्फ्या. तो बोटीत पाय ठेवताच थरथरू लागतो. त्याला धीर यावा म्हणून मुलीनं त्याला सांगितलं, की टायटॅनिक बुडाली तेव्हा फक्त तीन कुत्री वाचली आणि त्यांतले दोन पॉमेरियन होते. शेजारी बसलेल्या एका पॅसेंजरनं हे ऐकून लाइफ जॅकेट कुठं ठेवलंय याची चौकशी केली. पावसाळ्यात फेरी बंद असते, मग सगळा वळसा रस्त्यानं मालाडकडून. रेबीजची लस वर्षाला, तीत हयगय नाही. लेप्टोचीही असते. लेप्टो म्हणजे काय हे मुंबईकराला 26 जुलैच्या महापुरानंतर समजावून सांगावं लागत नाही. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो जसा माणसाला होतो तसाच कुत्र्यालाही होतो, आणि बर्फ्याला साचलेलं पाणी म्हणजे उत्सव. पावसात गोचीडही फार. पांढऱ्या कुत्र्याचा हा एकच फायदा आम्हाला सापडलाय, की केस बाजूला केले की गोचीड लगेच दिसते. गळ्यात साधा पट्टा घालू नका, असंही डॉक्टरीणबाईंनी बजावलं. या चणीच्या कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते, ओढलं की खोकला येतो. छातीवरून घ्यायचा पट्टा आणला. तो चढवला की बर्फ्या पॅराशूटमधून उतरल्याच्या थाटात चालतो.

आणि भुंकणं. स्पिट्झच्या बाकीच्या गुणांबद्दल वाद होऊ शकेल, भुंकण्याबद्दल नाही. सूचनापत्रात 'सतत जागरूक' असा जो शब्दप्रयोग होता तो याबद्दलच होता. बर्फ्या विमानावर भुंकतो, भरतीवर भुंकतो, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीवर भुंकतो, पहिल्या दोन सोडून देतो. त्याचा विशेष राग मढच्या किल्ल्यावर आहे. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, 1739 साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला, आता तो हवाई दलाकडं आहे आणि आत सोडत नाहीत. बर्फ्याला ही व्यवस्था मान्य नाही. रोज संध्याकाळी किल्लेश्वराच्या देवळाच्या वाटेवर उभा राहून तो हवाई दलाला आपली बाजू कळवतो.

एवढा जागता पहारा घरात असताना आमचा गॅसचा सिलिंडर चोरीला गेला. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं दिसलं. रात्रीची वेळ, एक माणूस खांद्यावर सिलिंडर घेऊन आमच्या ओट्यावरून उतरतो. त्याच्या मागं, शेपटी हलवत, बर्फ्या. माणूस दमून थांबतो तेव्हा बर्फ्याही थांबतो. कोपऱ्यापर्यंत दोघं बरोबर जातात. तिथं चोर त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि बर्फ्या परत येऊन दारात झोपतो. ते चित्र आईनं दोनदा बघितलं. म्हणाली, "कागदात लिवलंय तसंच वागला. सोबत केली."

पण त्याच आईला त्याच्यावरून कुणी बोललेलं खपत नाही. म्हणूनच बंगल्याचं प्रकरण झालं.

आमच्यापासून दोनशे पावलांवर एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग चालू होतं. प्रॉडक्शनचा एक तरुण मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काका, तुमचा कुत्रा एका दिवसासाठी देता का? मोठ्या घरातली सासू आहे. तिच्या मांडीवर पांढरा कुत्रा पाहिजे."

आईनं ताबडतोब विचारलं, "सासू चांगली हाय का खाष्ट?"

"खाष्ट."

"मंग देते."

बायको शिक्षिका आहे, तिला कागद लागतो. चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर 2001 च्या नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी लागते, हे तिला ठाऊक होतं. "परवानगीचं पत्र दाखवा आणि मग कुत्रा न्या," ती म्हणाली. "वहिनी, एकच तर शॉट आहे, कोण विचारतंय?" "मी विचारतेय." तो पत्र बघतो म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी बायको शाळेत गेल्यावर आईनं बर्फ्याला अंघोळ घातली, विंचरला, डोळे पुसले आणि 'नुसता दाखवून येते' म्हणून निघाली. तिनं नऊवारी नवी नेसली होती. घर आणि बंगला यांच्यामध्ये त्या दिवशी भावकीचा जवळा वाळत होता.

पुढचं मला बंगल्याच्या वॉचमननं सांगितलं. आई आत गेली ती ताठ मानेनं. बर्फ्या तिच्या मागून आला, एका बाजूनं पांढरा आणि एका बाजूनं गुलाबी, कानाला जवळ्याच्या दोन मिशा लोंबत होत्या. मेकअपमननं पावडरचा डबा उचलला आणि थोडी लावूनही बघितली. बर्फ्या इतका जोरात शिंकला की पावडर आणि जवळा दोन्ही खाष्ट सासूच्या पैठणीवर. प्रॉडक्शनवाला कोपऱ्यात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलत होता, "हो सर, आलाय कुत्रा... हो, पांढरा... म्हणजे, साधारण." मंडळाचं पत्र आणायची वेळच आली नाही.

महिन्याभरानं तो भाग लागला. आम्ही सगळे टीव्हीपुढं बसलो होतो, बर्फ्या आईच्या मांडीवर, जेवणानंतरचा, नुकताच पुसलेला. खाष्ट सासू झोपाळ्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर एक पांढराफेक कुत्रा होता. बायकोनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. तो कापसाचा होता. कुणीतरी बाजूनं पंख्याचा वारा सोडला होता म्हणून केस तेवढे हलत होते. सासू सुनेवर ओरडली, थाळी फेकली, वीज चमकली, कुत्र्यानं कान हलवला नाही.

आई भारावून बघत होती. जाहिरात लागली तशी तिनं मांडीवरच्या बर्फ्याचा कान धरला.

"बग, बग जरा. याला वलन म्हन्तात. येवढी भांडी पडली, यो भुंकला का? आनि किती पांढरा ठेवलाय बग." मग सुनेकडं वळून म्हणाली, "त्यांना इचार उद्या, साबन कंचा वापरतात."